टाइनमाउथच्या बाजारातलं ‘पातेर’ : जुन्या छापचित्रातली नक्षीदार अर्घ्यपात्रं

ओसरी (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात न्यूकासलला राहायला आले त्याला आता चार वर्षं होतील. इथून मेट्रोने अर्ध्या तासात टाइनमाउथ. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनात, फलाटावरच, शनिवार-रविवार बाजार भरतो. कप-बशा, पितळी कड्या, कुणाच्या तरी आजोबांची लष्करी पदकं, असं काहीबाही. काल तिथे एका म्हाताऱ्याकडे एक जुनं चित्र दिसलं. फ्रेम भिकार होती, काच तडकलेली. पण चित्रातून हलवेना. पंधरा पौंड म्हणाला, मी बारा म्हटलं, त्याने चौदाला दिलं. घासाघीस करायला मी आईकडून शिकले, पण तिच्याइतकी जमत नाही.

चित्र असं आहे. उभा मोठा कागद, त्यावर काळ्या शाईत सहा गोल वस्तू. वर मधोमध ‘पातेर’ असा फ्रेंच मथळा, एका कोपऱ्यात खंड दुसरा आणि पानाचा आकडा.

वरच्या ओळीत दोन पसरट वाट्या, समोरून पाहिल्यासारख्या. पाकळ्यांची वर्तुळं आणि बरोब्बर मध्यभागी एक उंचवटा. मधल्या ओळीत एका वाटीच्या तळाशी मेडूसाचं (ग्रीक कथेतली, केसांच्या जागी साप असलेली बाई) तोंड, दुसरीला दांडा आणि दांड्याच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. सगळ्यात खाली दोन दांडेवाल्या. त्यातल्या एकीत पंख असलेली उघडी बाई, डोक्यावर पुढे झुकलेली टोपी, हातात काडीसारखं काहीतरी. दुसरीत समोरासमोर उभे दोन तरुण, दोघांच्याही डोक्यावर टोप्या आणि बाजूला न कळणारी अक्षरं. प्रत्येक आकृतीखाली बारीक अक्षरात एकेक नाव आहे. ‘ला शोस’ तीनदा, ‘बेजेर’ एकदा.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, “ताम्हणं गं ही. भिंतीवर कशाला लावतेस?”

शब्दकोशात पाहिलं, पातेरा म्हणजे रोमन लोकांचं यज्ञातलं, देवाला मद्य ओतायचं पात्र. एवढ्यावर माझं ज्ञान संपलं. इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढला. हे कुठल्या पुस्तकातलं पान असेल? एचिंग (अ‍ॅसिडने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं) आहे की दुसरं काही? आणि खरंच ही सगळी यज्ञपात्रं आहेत का? खालच्या दोन मला जरा वेगळ्या वाटतात, का ते सांगता येत नाही.

---

सातारी_कंदील

चौदा पौंडांत एवढी जुनी वस्तू? आमच्याकडे एवढ्यात मिसळ येते दोघांची. फोटो टाका की.

---

लिंबलोण (रविवार, रात्री ११:१५)

खंड दुसरा, फ्रेंच मथळा, आकृतीखाली आधीच्या संग्राहकांची नावं. हा जवळजवळ नक्कीच माँफोकाँ.

बेर्नार द माँफोकाँ, जन्म १६५५, मृत्यू १७४१. तरुणपणी सैनिक होता, मग बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचा साधू झाला आणि पॅरिसच्या सँ-जेर्माँ-दे-प्रे मठात बसून आयुष्यभर जुनी हस्तलिखितं आणि जुन्या वस्तू यांच्यात रमला. ग्रीक हस्तलिखितांच्या अक्षरवळणांचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्याने १७०८ साली छापला. पण लोकांना तो आठवतो १७१९च्या दहा जाडजूड खंडांसाठी. प्राचीन जग ‘समजावून सांगितलेलं आणि चित्रांतून दाखवलेलं’ असं त्याच्या शीर्षकातच आहे. १७२४ मध्ये पाच खंडांची पुरवणी निघाली. हजाराहून जास्त प्लेट, म्हणजे चित्रांची पानं, आणि त्यांत मिळून तीस-चाळीस हजार आकृत्या. पुस्तक आगाऊ वर्गणी घेऊन काढलं आणि पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. मजकूर फ्रेंच आणि लॅटिन दोन्हीत. दुसरा खंड देवपूजेचा : देवळं, पुजारी, वेद्या, बळी आणि बळी देताना लागणारी भांडीकुंडी. तुमचं पान त्यातलं.

आता ती बारीक नावं. माँफोकाँने यातली बरीचशी भांडी स्वतः हातात घेतलीच नव्हती. तो दुसऱ्यांच्या पुस्तकांतून चित्रं घ्यायचा, आणि प्रामाणिकपणे खाली मूळ मालकाचं किंवा लेखकाचं नाव टाकायचा. ला शोस म्हणजे रोममध्ये राहणारा फ्रेंच माणूस, त्याचं रोमन संग्रहाचं पुस्तक १६९०चं. बेजेर म्हणजे ब्रांडेनबुर्गच्या राजसंग्रहाचा ग्रंथपाल, त्याचे खंड १६९६ पासून निघाले. थोडक्यात तुमच्या भिंतीवर येतोय तो वस्तूच्या चित्राच्या चित्राचा ठसा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पातेरा शब्दाचं मूळ ‘पातेरे’ या लॅटिन क्रियापदाशी, म्हणजे उघडं असणं, पसरलेलं असणं. ग्रीक लोक त्याच भांड्याला ‘फियाले’ म्हणत. काकूंचं ताम्हण तसं फार चुकलेलं नाही. फक्त ताम्हणात पाणी सोडतात, आणि पातेरातून ओततात.

खालच्या दोघींबद्दल उद्या लिहितो, आता झोप येतेय. पण तुमचा संशय बरोबर आहे, एवढं सांगून ठेवतो.

---

ओसरी

असं अर्ध्यावर सोडून झोपायला जाणाऱ्यांना पाप लागतं.

---

आम्लपित्त (सोमवार, सकाळी ७:०५)

नावावर जाऊ नका, मुंबईच्या जेजे कलाशाळेत मुद्राचित्रण केलंय, अ‍ॅसिडशी जुना संबंध.

एचिंग की एन्ग्रेव्हिंग, हे घरी बसून बघता येतं. दहा पटीचं भिंग घ्या आणि एखादी रेघ जिथे संपते तिथे पाहा. शेवट बोथट, गोलसर असेल तर अ‍ॅसिडने खाल्लेली रेघ, म्हणजे एचिंग. शेपटीसारखी निमुळती होत संपली असेल तर ब्युरिनने, म्हणजे धारदार पोलादी सळीने कोरलेली. त्या काळात बहुतेक वेळा दोन्ही एकाच प्लेटवर सापडतं. आधी एचिंगने पटापट आकार काढायचा, मग ब्युरिनने सावल्या पक्क्या करायच्या. ज्या पुस्तकाला हजार प्लेट लागतात त्याला सगळं ब्युरिनने करत बसणं परवडणार कुणाला?

रीत सांगतो. तांब्याचा पत्रा घासून घासून गुळगुळीत करायचा. त्याला गरम करून मेण, डांबर, राळ यांचा पातळ थर द्यायचा, आम्ही त्याला नुसतं ‘ग्राउंड’ म्हणायचो. मग पत्रा उलटा धरून खालून मेणबत्तीची काजळी, म्हणजे थर काळाकुट्ट होतो आणि सुईने काढलेली रेघ तांब्याच्या रंगात चमकते. मग अ‍ॅसिड. फ्रेंच लोक नायट्रिकला ‘ओ फोर्त’ म्हणतात, म्हणजे जहाल पाणी, आणि एचिंगलाही तेच नाव. पत्रा त्यात बुडाला की रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते तसेच राहिले तर रेघ खडबडीत होते, म्हणून पक्ष्याच्या पिसाने हलकेच झटकत राहायचं. फिक्या रेघांना पुरेसं खाऊन झालं की पत्रा बाहेर काढून त्यांच्यावर वार्निश फासायचं आणि उरलेल्यांना परत बुडवायचं. आमच्या वेळी नायट्रिकऐवजी फेरिक क्लोराइड असायचं. त्यात बुडबुडे नाहीत, पण बोटं आठवडाभर पिवळी. हॉटेलात जेवायला बसलं की वेटर आधी बोटांकडे बघायचा.

शेवटी पत्र्यावर शाई चोपडायची, पृष्ठभाग पुसायचा, शाई फक्त खाचांत राहते. ओलसर कागद ठेवून रोलरच्या दाबाखालून काढायचा. म्हणून चित्राभोवती चौकोनी दबलेली कड दिसेल, तो प्लेटमार्क. डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागतो. (एकदाच फिरवा. कागद तीनशे वर्षांचा आहे.)

ताई, अजून एक काम करा. त्या दोन तरुणांशेजारची अक्षरं बघा. त्यात इंग्रजी ई-सारखं काही आहे का? असेल तर त्याचे आडवे दांडे कुठल्या बाजूला आहेत?

---

ओसरी (सोमवार, दुपारी १:३०)

लंच टाइममध्ये घरी येऊन बघितलं, मला वेड लागलंय. रेघांचे शेवट बोथट आहेत, मेडूसाच्या केसांत मात्र निमुळते. कड दबलेली आहे. उजेडासमोर धरल्यावर कागदात समांतर रेघा दिसतात, बोटभर अंतरावर ठळक, मध्ये अगदी दाट बारीक. डाव्या कडेला दोऱ्याची भोकं.

आणि हो, ई आहे! अगदी टोकाला. दांडे उजवीकडे, आपल्या नेहमीच्या ई-सारखे.

---

आम्लपित्त

समांतर रेघा म्हणजे हाताने गाळलेला, चिंध्यांच्या लगद्याचा कागद. भोकं म्हणजे पुस्तकातून सोडवलेलं पान. सगळं जुळतंय.

ई उजवीकडे असेल तर चित्र बहुधा उलटं छापलंय. लिंबलोण येऊन सांगतीलच, पण माझ्या बाजूचं सांगतो. पत्र्यावर जे काढाल ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. समोर चित्र ठेवून त्याची सरळ नक्कल पत्र्यावर केली की छापून येताना डावं-उजवं बदललं. अनुभवी कारागीर आधीच उलटं काढायचे, घाईतले काढायचे नाहीत. वाटी गोल असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. गोल वस्तूला डावं काय, उजवं काय. पण अक्षरं चुगली करतात.

---

खडूफळा

मग ‘पातेर’ हा मथळा सरळ कसा?

---

आम्लपित्त

मास्तर, चांगला प्रश्न. अक्षरं कोरणारा माणूस बऱ्याचदा वेगळा असायचा. त्याचा धंदाच उलटी अक्षरं लिहिण्याचा, तो त्यात चुकायचा नाही. आकृतीच्या आतली अनोळखी अक्षरं मात्र चित्रकाराने नक्षी समजून उतरवलेली.

---

लिंबलोण (सोमवार, रात्री १०:२०)

आलो. पापक्षालन करतो.

खालच्या दोन आकृती पातेरा नाहीत. यज्ञाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते आरसे आहेत.

एट्रस्कन आरसे. एट्रस्कन म्हणजे रोमच्या उत्तरेला, आजच्या तोस्काना भागात आणि आसपास राहणारे, रोमन लोकांच्या आधी भरभराटीला आलेले लोक. इ.स.पूर्व सहाव्या शतकापासून दुसऱ्यापर्यंत त्यांनी कांस्याचे हातआरसे केले. आज तीन हजारांहून जास्त ठाऊक आहेत. सर्वसाधारण आकार वीतभर. एक बाजू घासून चकचकीत, ती तोंड बघायची. मागच्या बाजूवर कोरीव चित्र. खाली दांडा, किंवा हाडाची वा हस्तिदंती मूठ बसवायला निमुळतं टोक.

मग लोक फसले कसे? इथेच गंमत आहे. तोंड बघायची बाजू किंचित फुगीर असते, कारण फुगीर आरशात लहान तबकडीतही पूर्ण चेहरा मावतो. एक बाजू फुगीर म्हटल्यावर मागची आपोआप किंचित खोलगट. त्यात कडेला उचललेला काठ. दोन हजार वर्षं मातीत पडून चकाकी गेली, वर हिरवा गंज चढला. आता ही वस्तू नक्षीची बाजू वर करून टेबलावर ठेवा. काय दिसेल? काठ असलेली, दांड्याची, आत चित्र काढलेली उथळ थाळी. पुस्तकं वाचून तयार झालेल्या माणसाला रोमन कवींच्या ओळीतलं ‘पातेरा’ आठवणारच.

एकट्या माँफोकाँला दोष देण्यात अर्थ नाही. फिरेंझेच्या (फ्लॉरेन्सच्या) गोरी या अभ्यासकाने १७३७ पासून एट्रस्कन वस्तूंचे मोठे खंड काढले, त्यातही हे आरसे पातेरा म्हणूनच आहेत. बोलोन्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात सतराव्या शतकातल्या मार्किस कोस्पीच्या संग्रहातला एक अप्रतिम आरसा आहे : मधोमध तिनिया, म्हणजे त्यांचा झ्यूस, त्याच्या डोक्यातून शस्त्रासह बाहेर पडणारी देवी मेनेर्वा, दोन बाजूंना दोन देवी सावरायला, आणि शेजारी कुऱ्हाड घेतलेला लोहार देव सेथलान्स, ज्याने नुकताच घाव घातलाय. सगळ्यांची नावं कोरलेली. त्या आरशाला आजही ‘पातेरा कोस्पियाना’ म्हणतात. आरसा आहे हे समजून पावणेदोनशे वर्षं झाली, नाव काही सुटत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंगिरामी या इटालियन अभ्यासकाने अर्धं पाऊल टाकलं. आरसे आहेत हे मान्य केलं, पण ‘गूढ आरसे’ म्हणाला, म्हणजे धर्म सोडवेना. गेरहार्ट या जर्मन अभ्यासकाने १८४० च्या सुमारास एट्रस्कन आरशांचा संग्रह छापायला घेतला, आणि शीर्षकातच सरळ ‘आरसे’ लिहिलं. तो त्याच्या मरणानंतर दुसऱ्यांनी १८९७ला पुरा केला. पाच खंड.

ताईंच्या आकृती अगदी नेहमीच्या प्रकारातल्या आहेत. पंखवाली ती लासा, प्रेमदेवता आफ्रोदितेच्या परिवारातली. हातातली काडी बहुधा सुगंधी तेलाच्या बाटलीत बुडवायची, आजच्या काजळकाडीची बहीण. दोन तरुण म्हणजे ग्रीक कथांतले जुळे भाऊ कास्तोर आणि पोलक्स, एट्रस्कन भाषेत कास्तुर आणि पुल्तुके. एट्रस्कन उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे ‘पुल्तुके’च्या शेवटच्या ई-चे दांडे डावीकडे हवेत. तुमच्याकडे उजवीकडे आहेत. आम्लपित्त म्हणतात तेच, आकृती उलटी झालीय.

---

आंबटगोड

म्हणजे आरशाचं चित्र, आणि ते आरशातल्यासारखं उलटं. अंगावर काटा.

---

मोडी_आणि_जोडी (मंगळवार, सकाळी)

बाकी सगळं ठीक, पण यज्ञाची भांडी म्हटल्यावर हे आपल्याकडूनच गेलेलं नाही कशावरून? चमस, जुहू, स्रुवा, सगळं ऋग्वेदकाळापासून आहे. रोमन लोकांचं यज्ञ करणं, वेदी, अग्नी, मद्याची आहुती. साम्य उघड आहे.

---

तळटीप

दादा, साम्य आहे हे कोण नाकारतंय. अग्नीत काहीतरी ओतून देवाला पोचवायची कल्पना दोन्हीकडे आहे आणि तिचं मूळ फार मागे एक असू शकतं. पण भांडी वेगळी आहेत ती आहेतच. श्रौतात, म्हणजे वैदिक यज्ञविधींत, जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची, ध्रुवा विकंकताची, स्रुवा खैराचा. लाकूड कुठलं ते ठरलेलं. आकार लांब दांड्याच्या पळीचा, तोंड हंसाच्या चोचीसारखं, कारण तूप धारेने अग्नीत सोडायचं असतं. पातेरा धातूचं किंवा मातीचं, गोल, काठ सगळीकडून सारखा. एका भांड्यावरून दुसरं आलं म्हणायला काहीतरी दुवा दाखवावा लागेल. माझे वडील अजून घरी अग्निहोत्र करतात, त्यांना हे चित्र दाखवलं तर म्हणाले, “यातून तूप सोडलंस तर निम्मं हातावर येईल.”

---

मोडी_आणि_जोडी

तुमच्या वडिलांशी वाद घालायची माझी टाप नाही. थांबतो.

---

ओसरी (मंगळवार, रात्री ८:१०)

लिंबलोण, तुम्हाला माफ केलं.

पण आता वरच्या चारांचं सांगा. मधला तो उंचवटा कशाला? वाटीच्या मध्ये टेंगूळ असेल तर त्यात काही नीट राहणार नाही.

---

लिंबलोण

तो उंचवटा हीच खऱ्या पातेराची खूण. ग्रीकमध्ये ‘ओम्फालोस’, म्हणजे बेंबी. वरून फुगवटा दिसतो, पण भांडं उपडं केलं की त्याच जागी खळगा. घरातलं एखादं स्टीलचं झाकण घ्या, ज्याच्या मध्ये टेंगूळ ठोकलेलं असतं, ते उलटं करून पाहा. आता उजव्या हाताची मधली दोन बोटं खालून त्या खळग्यात घाला आणि अंगठा वर काठावर ठेवा. भांडं हातात पक्कं बसतं. मनगट फिरवलं की मद्य काठावरून पातळ पडद्यासारखं सांडतं. ग्रीक कलशांवरच्या चित्रांत माणसं अशीच धरून उभी असतात. दांडा लागतच नाही.

पाकळ्यांची वर्तुळंही नुसती शोभा नव्हेत. पत्रा आतून-बाहेरून ठोकून उठवला की तो ताठ होतो, पातळ सोनंही वाकत नाही. १९४९ साली बल्गेरियात पानाग्युरिश्तेजवळ विटा-कौलांच्या मातीसाठी खणताना तीन भावांना सोन्याची भांडी सापडली, इ.स.पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातली. त्यात एक फियाले आहे, पंचवीस सेंटिमीटर व्यासाची. बेंबीभोवती आधी चोवीस ओकच्या फळांची ओळ, मग बाहेर मोठ्या होत जाणाऱ्या तीन ओळींत चोवीस-चोवीस आफ्रिकी चेहरे.  मी प्रदर्शनात काचेला नाक लावून मोजत होतो, पहारेकऱ्याने दोनदा मागे सारलं.

अठराव्या शतकातलंच हवं असेल तर फ्रान्समधल्या रेनचं पातेरा बघा. १७७४ मध्ये घराचा पाया खणताना मिळालं. शुद्ध सोन्याचं, तेही पंचवीस सेंटिमीटर, वजन सव्वा किलोहून जास्त. तळाला मद्याचा देव बाकुस आणि वीर हेर्क्युलीस यांची दारू पिण्याची पैज कोरलेली, कडेला रोमन सम्राटांची आणि त्यांच्या घरच्यांची सोळा सोन्याची नाणी जडवलेली. आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पदकसंग्रहात आहे. माँफोकाँ तेहतीस वर्षं आधी गेला, नाहीतर त्याने पुरवणीला पुरवणी काढली असती.

---

पंचगंगाकाठ (मंगळवार, रात्री ११:००)

आमच्या कोल्हापूरचं कुणी काढेना म्हणून मीच काढतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ मध्ये रोमन कांस्यवस्तूंचा साठा सापडला. समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती, नक्षीदार मुठीचा जग, पर्सियस आणि अँड्रोमेडाची उठावदार चकती. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहेत. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा बाईंनी सांगितलं, “हा परदेशी देव,” आणि आम्ही सगळे त्याच्याकडे असं बघितलं जणू तो आत्ता एस.टी.तून उतरलाय.

तो जग आणि ताईंच्या चित्रातलं मेंढ्याच्या डोक्याचं भांडं एकाच कुळीतलं वाटतं मला. चूक असेल तर सांगा.

---

लिंबलोण

चूक नाही. जग आणि मेंढ्याच्या डोक्याचा दांडा असलेलं उथळ तबक ही रोमन लोकांची जोडी होती. पण आता एक गोंधळ वाढवतो. ती जोडी मुख्यतः हात धुण्यासाठी. एकाने जगातून पाणी ओतायचं, खाली तबक धरायचं. जेवणाआधी हात धुवायचे, तसे बळी देण्याआधीही धुवायचे. म्हणजे सहा आकृत्यांपैकी दोन आरसे, एक हात धुवायचं तबक. अर्घ्यपात्र म्हणून खात्रीने उरली तीन.

---

सातारी_कंदील

आता ताईंना साडेसात पौंड परत मिळायला हवेत.

---

खडूफळा

सातच. चौदाचे निम्मे सात होतात.

---

ओसरी (रविवार, संध्याकाळी ६:३०)

आठवडाभर गायब होते, कामं. आज ग्रेट नॉर्थ म्युझियमला जाऊन आले. घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि चार वर्षांत एकदाच गेले होते, तेही पाऊस आला म्हणून.

तिथे हेड्रियनच्या भिंतीवरच्या, म्हणजे इथल्या जुन्या रोमन सरहद्दीवरच्या ठाण्यांतून आणलेल्या दगडी वेद्यांची रांगच आहे. कमरेएवढ्या, काही छातीपर्यंत. पुढे लेख : अमुक देवाला, तमुक तुकडीच्या अधिकाऱ्याने नवस फेडला. मागच्या वेळी मी लेख वाचून पुढे सरकले होते. यावेळी बाजूला वाकून पाहिलं. एका वेदीच्या डाव्या अंगाला जग कोरलेला. गुडघे टेकून दुसऱ्या अंगाला गेले तर तिथे तबक, गोल, मध्ये बेंबी. दगडात ती बेंबी इतकी झिजलीय की बोट ठेवावंसं वाटतं (ठेवलं नाही). वर माथ्यावर वाटीसारखा उथळ खळगा, आहुती द्यायला. एक शाळकरी मुलगा आईला विचारत होता, हे पक्ष्यांना पाणी प्यायला आहे का.

तिथल्या काकांशी बोलले. त्यांनी सांगितलं की आमच्याच भागात, बॅकवर्थला, १८१२ च्या सुमारास रुप्याचं दांड्याचं भांडं मिळालं, त्यात नाणी आणि दागिने भरलेले. दांड्यावर सोन्याच्या अक्षरांत मातृदेवतांना फाबियुस दुबितातुसने अर्पण केल्याचं लिहिलंय. आता ते ब्रिटिश म्युझियममध्ये. मी विचारलं, ते अर्घ्याचं की हात धुवायचं? काका हसले आणि म्हणाले, आमच्या जुन्या नोंदीत पातेरा लिहिलंय, नव्या नोंदीत तवा.

---

तळटीप

मातृदेवता! बहुतेक वेळा तिघी शेजारी-शेजारी बसलेल्या दाखवतात. आमच्या गावच्या शिवेवरच्या साती आसरा आठवल्या. (मोडी_आणि_जोडी, शांत राहा, फक्त आठवल्या.)

---

मोडी_आणि_जोडी

मी काही बोललो का?

---

मुठा_एक्स्प्रेस

उशिरा आलो. एक शंका. आरसे आहेत हे शेवटी पक्कं कशावरून झालं? आकारावरून तर दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

---

लिंबलोण

तीन-चार गोष्टी एकत्र आल्या. एक, बायकांच्या थडग्यांत जास्त सापडतात, शृंगाराच्या कांस्य डब्यांसोबत, आणि त्या डब्यांत फण्या, तेलाच्या बाटल्या, तोंडाला रंग लावायच्या काड्या. दोन, चित्रांतल्या आणि शिल्पांतल्या बायका हीच वस्तू तोंडासमोर धरून बसलेल्या दिसतात. तीन, दुसरी बाजू घासून गुळगुळीत केलेली असते. ओतायच्या भांड्याचा तळ कुणी इतका कशाला चमकवेल?

आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा : काही आरशांच्या चकचकीत बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘सुथिना’ असं ओरखडलेलं असतं. एट्रस्कन शब्द, अर्थ ‘थडग्यासाठीचं’. बाईबरोबर आरसा पुरताना मुद्दाम त्या बाजूवर लिहायचं जिथे चेहरा दिसतो. जिवंत माणसाने तो पुन्हा वापरू नये म्हणून असेल. ओरखडा नेमका प्रतिबिंबाच्या जागी आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला ही वस्तू कशासाठी आहे ते ठाऊक होतं. छापचित्रांत ही बाजू दिसतच नाही, कारण सगळे चित्रकार नक्षीचीच बाजू काढायचे.

माँफोकाँनंतर पिढीभराने कायलुस नावाचा सरदार आला, १७५२ ते १७६७ मध्ये सात खंड. त्याला स्वतःला एचिंग येत होतं आणि तो शक्यतो स्वतःच्या संग्रहातल्या, हातात धरलेल्या वस्तूच छापायचा, मापांसकट. तुटके तुकडेही. लोक त्याला हसायचे.

---

आम्लपित्त

कायलुसला आमच्याकडून सलाम.

ताई, फ्रेमचं काय केलंत? तडकलेल्या काचेत ठेवू नका. चिंध्यांचा कागद सहसा पिवळा पडत नाही, पण मागचा स्वस्त पुठ्ठा आम्ल सोडतो आणि चौकटीच्या आकाराचा तपकिरी डाग चढतो. आम्लमुक्त बोर्ड लावा, काचेला कागद टेकू देऊ नका, मध्ये मोकळी जागा ठेवा. समोरून ऊन नको. चिकटपट्टी तर अजिबात नको, नाहीतर तुमच्या नातीला मी शाप देईन.

---

ओसरी (गुरुवार, रात्री)

नवीन फ्रेम झाली. चित्राला पडली त्याच्या तिप्पट किंमत, पण सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे. जुना पुठ्ठा काढला तर खरंच चौकोनी तपकिरी सावली होती. पानाची मागची बाजू कोरी, फक्त मेडूसाच्या जागी कागद किंचित वर आलाय, दाबाचा.

आईला परत कॉल केला. म्हटलं, खालची दोन ताम्हणं नाहीत, आरसे आहेत, आणि तेही उलटे. ती म्हणाली, “मग सरळ लाव की, उलटे का लावलेस?” तिला छापण्याचं सांगायला अर्धा तास गेला, आणि शेवटी ती म्हणाली, रांगोळीच्या छाप्याचं होतं तसंच ना. तसंच.

मागे छोटी नोंद लिहून ठेवलीय. आकृती एक, दोन आणि तीन पातेरा. चार हात धुण्याचं तबक. पाच आणि सहा आरसे, उलटे छापलेले.

---

आम्लपित्त

पेन्सिलने लिहिलंत ना?

---

ओसरी

पेन्सिलने. आणि बोर्डवर, कागदावर नाही.